जास्तीचे सहा मीटर

पहिली रोड बाइक घ्यायची, तर ब्रेक रिमचा की डिस्कचा? या प्रश्नावर मी तीन महिने घालवले. एक्सेल शीट केली. किंमत, वजन, मेन्टेनन्स, पावसाळा, सेफ्टी असे रकाने, प्रत्येकाला वेटेज. मी कर्जतचा, नोकरी ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये. लोकलमध्ये शीट भरायला वेळच वेळ असतो.

आधी मशीनचं थोडक्यात बोलू. रिम ब्रेकमध्ये रबराचे दोन तुकडे रिमला, म्हणजे आपल्या रिंगला, चिमटीत धरतात. डिस्कमध्ये हेच काम चाकाच्या मध्याशी बसवलेल्या छोट्या तबकडीवर होतं. गंमत म्हणजे कागदावर रिम ब्रेक अजिबात कमी नाही. रिंगची त्रिज्या ३११ मिलिमीटर, १६० मिलिमीटरच्या डिस्कची ८०. तेवढंच चाक रोखायला डिस्कला जवळजवळ चौपट जोराने चिमटावं लागतं. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक टायर घसरेपर्यंत काम करू शकतात, मग टायरची पकड हीच मर्यादा ठरते. पण रिंग रस्त्याच्या अगदी जवळ फिरते. पावसात ती ओली होते, चिखलाने माखते. खोपोलीचा घाट उतरताना आणखी एक भानगड. सायकलसकट ८५ किलोचा माणूस ५०० मीटर खाली येतो तेव्हा चार लाख जूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सव्वा लीटर पाणी उकळेल एवढी. बरीचशी हवा खाते, उरलेली रिंग तापवते, आणि रिंगच्या आत ट्यूब असते.

एवढं कळूनही मी रिमकडे झुकलो होतो. कारण तो दिसतो. वायर, दोन बाहू, रबर, संपलं. खालापुरात वायर तुटली तर बाजारातला सायकलवाला दहा मिनिटांत बसवून देतो. रिंगचा आऊटही काढून देतो. त्याला हायड्रॉलिक डिस्कचा फोटो दाखवला तेव्हा तो म्हणाला, "हे आमच्याकडं नका आणू दादा, हे तुमचं कंपनीचं काम." मला ते पटलं होतं. दिवसभर मी अशा सिस्टिम लिहितो ज्या वापरणाऱ्याला उघडून बघता येत नाहीत. रविवारी तरी हाताला कळेल असं काही हवं, असा एक थोर विचार त्यामागे होता. तो विचार अजूनही मला चूक वाटत नाही. फक्त त्याची किंमत कोण देणार, हे मी पाहिलं नव्हतं.

जुलैत मित्राची रिम ब्रेकवाली सायकल महिनाभर मागून आणली. कर्जत–खोपोली रस्ता, पाऊस नुकताच उघडलेला. पळसदरीच्या पुढे एक उतार आहे आणि खाली वळण. वळणावर एक आजी, डोक्यावर टाकळ्याच्या भाजीची पाटी. मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण उशिरा. रबराने आधी रिंगवरचं पाणी पुसलं, मग पकड घेतली. चाकाचे तीन फेरे गेले असतील. एक फेरा २.१ मीटरचा, म्हणजे सहा मीटर. तेवढ्यात आजी बाजूच्या गटारात उतरली होती आणि पाटी पालथी पडली होती.

"आजी, लागलं का?"

"मला न्हाई लागलं. तुला ऐतवारचा कसली घाई रं?"

मी भाजी गोळा केली. चिखलात गेलेल्या जुड्यांचे चाळीस रुपये तिने घेतले आणि वरची नोट परत केली. घाबरवल्याचा हिशेब तिने धरला नाही. माझ्या शीटमध्ये तर तो नव्हताच.

घरी येऊन शीट उघडली. 'सेफ्टी'च्या रकान्यात माझी सेफ्टी होती. हेल्मेट, घाट, पडलो तर काय. पण ब्रेक ही हेल्मेटसारखी वस्तू नाही. हेल्मेट घालायचं की नाही हा बराचसा माझा प्रश्न आहे, ब्रेकचा तेवढा नाही. आजीने ना सायकल निवडली, ना माझा वेग. तरी माझ्या निवडीचा वाईटातला वाईट आउटपुट तिच्या अंगावर येणार होता. मला रिपेअर करण्याचा आनंद मिळावा म्हणून तिने गटारात उतरायचं, हा ट्रेड-ऑफ मी कुठल्या अधिकाराने केला?

आमच्या गावाजवळच याचं वेगळं उत्तर दिलेलं आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली धावू लागली. चढ ३७ला १. कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, म्हणून थांबा, म्हणून वडे, हे सगळ्यांना ठाऊक. उतरणीची बाजू कमी लोक बघतात. तिथे कॅच सायडिंग आहेत, म्हणजे चढावर जाऊन संपणारे रूळ. सांधा मुळात त्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. आमच्या भाषेत डिफॉल्ट डिनाय. सिद्ध करण्याचं ओझं उतरणाऱ्यावर. रस्त्यावर आपण नेमकं उलटं करतो. चालणाऱ्याने सावध राहायचं, आपण फार तर घंटी वाजवायची.

मग डिस्क घेतली. वायरवर चालणारी, म्हणजे निदान वायर तरी खालापुरात बदलता येईल. प्रश्न सुटला असं वाटलं आणि दीड महिना वाटत राहिलं.

सप्टेंबरमध्ये ॲपवर सहज पाहिलं. त्याच वळणावर मित्राच्या सायकलवर माझा वेग ताशी २९ किलोमीटर असायचा. आता ३५. कुणी सांगितलं नव्हतं, ब्रेक चांगला आहे हे पायांनाच कळलं होतं. गणित केलं. भान यायला एक सेकंद आणि मध्यम जोराचं ब्रेकिंग धरलं तर थांबायला साडेचार मीटर जास्त लागतात. नव्या ब्रेकने वाचवलेल्या सहांपैकी साडेचार मीटर मी परत खाल्ले होते. पैसे आजीच्या नावाने खर्च केले आणि फायदा स्वतःच्या ॲव्हरेजला लावला. यात मी एकटा नाही म्हणा. १९८०च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींवर असाच अभ्यास झाला. काहींना एबीएस बसवलं, काहींना नाही. अपघातांत म्हणावा तसा फरक पडला नाही, एबीएसवाले जास्त बेदरकार चालवताना आढळले.

खोपोलीच्या वर जुन्या हायवेवर शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट इंग्रजांना या धनगराने दाखवली आणि त्यांनी त्यालाच मारलं, अशी आख्यायिका. पूर्वी तिथे थांबून मी फोटो काढायचो, पाणी प्यायचो. आता वाटतं, वाट त्याची आणि वेग आमचा, ही व्यवस्था जुनीच आहे.

सायकलच्या कॉम्प्युटरवर आता २५ चा अलार्म लावला आहे. तो वाजला की चिडचिड होते, विशेषतः मागून कुणी पुढे गेलं की. ती आजी पुन्हा दिसली नाही. मागच्या रविवारी त्याच वळणावर दोन मुलं म्हशी घेऊन चालली होती, रस्ता पूर्ण अडलेला, बारीक पाऊस. मी बराच अलीकडे थांबलो. ओली डिस्क जोरात किंचाळली. एक म्हैस वळून बघायला लागली आणि मुलं खो खो हसत सुटली.