फुलाचा कर्ता कोण?

घरात वाढवलेल्या ऑर्किडला, म्हणजे आपल्या आमरीला, फुलांचा दांडा आला की पाहुणे हमखास म्हणतात, "तुमच्या हाताला गुण आहे." कळ्या उमलण्याआधीच पिवळ्या पडून गळल्या की तोच हात दोषी ठरतो. दोन्ही वेळा गृहीत एकच असते : जे झाले ते माणसाने केले. गीतेच्या अठराव्या अध्यायाने हेच गृहीत तपासायला घेतले आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असेही पुढे येते. हा विचार आपण युद्ध, नोकरी, यशापयश अशा मोठ्या प्रसंगांना लावतो. माझ्या मते खोलीतल्या आमरीभोवतीची हवा दमट राखण्याच्या साध्या कामात तो फार स्वच्छ दिसतो, आणि तिथेच हेही कळते की या विचाराने माणसाची जबाबदारी घटत नाही, वाढते.

आधी मूळ पाहू. बाजारात सर्रास मिळणारी फॅलेनॉप्सिस मुळात झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारी. तिची मुळे मातीत शिरत नाहीत, सालीला धरून राहतात किंवा हवेत लोंबतात. मुळावर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना ते चंदेरी पांढरे दिसते. पाणी पडले की बघता बघता पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर येतो. तहान भागते ती या भिजण्याने. हवेच्या दमटपणाचे काम वेगळे : पानाफुलांतून उडून जाणारे पाणी तो आवरून धरतो. त्यासाठी फॅलेनॉप्सिसला साधारण 50 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती 20-25 टक्क्यांवर येते, आणि मग माणूस फवारा उचलतो. देण्याची, आणि दिल्याचे समाधान मिळण्याची, ती सर्वांत सरळ रीत आहे. पण फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांत खोलीभर विरून जातो, आणि पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी साचून राहिले तर झाड तिथूनच कुजायला लागते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट आकड्यांत आहे. 20 अंशांना 60 टक्के आर्द्रता असलेली हवा 30 अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता 33 टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढेच, हात तोच. खिडकीतून ऊन आत आले एवढेच घडले. म्हणजे आर्द्रता ही झाडाला देण्याची वस्तूच नव्हे. ऊन, वारा, भिंती, शेजारच्या कुंड्या आणि दिवसाची वेळ यांच्यातले ते नाते आहे, आणि सांभाळायचे झाले तर हे नातेच सांभाळावे लागते.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्या काळी ठीक होते. आज आर्द्रतामापक आहे, ह्युमिडिफायर आहे, काचेची बंद पेटी आहे. खोली पूर्ण ताब्यात असेल तर पाचही कारणे माणसाच्याच मुठीत आली. पण असा ताबा एकदा घेऊन झालेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या बागाइतदारांनी सगळ्या ऑर्किड तापलेल्या, कोंदट, वाफाळत्या काचघरांत कोंडल्या. त्या दाट, उष्ण अरण्यातून येतात अशी समजूत होती. प्रत्यक्षात कित्येक थंड, वाहत्या वाऱ्याच्या डोंगरउतारांवरच्या होत्या. झाडे मोठ्या संख्येने मेली. चॅट्सवर्थच्या बागेत तिथले प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी उष्णता उतरवली, हवा खेळती ठेवली, आणि तिथे ती जगली. आजही बंद दमट पेटीत पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात, आणि लहानसा पंखा लावला की कमी होतात. शिवाय झाडाचे स्वतःचे वेळापत्रक असते. फॅलेनॉप्सिस पानांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडते. दिवसभर खपून आपण झोपलो की तिचे काम सुरू होते. यंत्राने साधने वाढतात. उरलेली कारणे त्यामुळे नाहीशी होत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाच कारणांचा हा हिशेब पळवाट ठरू शकतो. झाड मेले की दैवावर ढकलून मोकळे व्हायचे. हा गैरवापर होतो, माणसांच्या बाबतीत तर फारच होतो. मात्र कर्तेपण स्वतःकडे घेणाऱ्याचे लक्ष झाडावर आणि फुलावर खिळलेले असते, आणि म्हणून फवारा मारला की त्याचे कर्तव्य संपते. पाच कारणे मानणाऱ्याला तेवढ्यावर सुटता येत नाही. खिडकीचे ऊन, एसीचा झोत, रात्रीची हवा, सगळ्यांकडे त्याला पाहावे लागते. सह्याद्रीत आंब्या-फणसावर सीतेची वेणी फुलते, तिला साल, शेवाळ, धुके आणि वारा सांभाळतात. ती आमरी दिवाणखान्यात आणणाऱ्याने ही सारी सोबत तोडलेली असते. फळावर हक्क नसला तरी तोडलेल्याची भरपाई त्याच्याच अंगावर येते, आणि तिथे दैवाचे नाव घ्यायची सोय नाही.

राहता राहिला शास्त्राचा मुद्दा. पाच कारणांतले अधिष्ठान म्हणून मी इथे खोलीतली हवा धरली आहे. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात; मग हवेला ते नाव देणे ही ओढाताण नव्हे का? आमरीपुरती तरी ती मला ओढाताण वाटत नाही. जिच्या मुळाची बाहेरची कातच मृत आहे आणि हवेत उघडी आहे, तिचे शरीर नेमके कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, हे रेघ मारून दाखवता येत नाही. आणि गीतेच्या त्या श्लोकात अधिष्ठान पहिले येते, कर्ता दुसरा.