दैव हे पाचवे कारण

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. नदीला जेथे उतार आहे, जेथे पाण्यात निर्धास्तपणे उतरता येते व पैलतीरी सुखरूप पोहोचता येते, ते तीर्थ, असा त्याचा मूळ अर्थ. पावित्र्याचा अर्थ त्यास पुढे लाभला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ज्या स्थळांना तीर्थ म्हटले, त्यांची पहिली खूण सुरक्षितता ही होती. यात्रेकरू व दानशूर भाविकांपुढे येथे जो विचार मांडावयाचा आहे, त्याचे बीज या एका शब्दात आहे.

सेमाडोह हे गाव परतवाडा–धारणी मार्गावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाटच्या अरण्यात वसले आहे. गावाच्या नावातच डोह आहे. सिपना ही सातपुड्याच्या डोंगरांतून वाहत तापीला मिळणारी नदी. पावसाळ्यात सेमाडोहला ऊन पडलेले असतानाही वरच्या डोंगरात झालेल्या पावसाने ती पाहता पाहता चढते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह रोडावतो व खडकांमधले डोह तेवढे मागे उरतात. वरून पाणी शांत, काठावर गुडघाभर, आणि पुढचे पाऊल टाकताच पुरुषभर. शेवाळलेल्या खडकावरून घसरलेल्या लहान पावलास तेथे आधार सापडत नाही.

पाण्याने केवढा घाला घालावा, याचा अनुभव आपल्या अमरावती जिल्ह्याने १४ सप्टेंबर २०२१ रोजी घेतला. वरुड तालुक्यातील श्रीक्षेत्र झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि एकाच आप्तपरिवारातील अकरा जणांचा अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. आप्ताच्या दशक्रियेच्या निमित्ताने ही मंडळी एकत्र आलेली होती. अशी मोठी दुर्घटना वृत्तपत्रांत येते, लोकांच्या स्मरणात राहते. परंतु विहिरीत, शेततळ्यात, घरच्या हौदात एकेकटे जाणारे मूल गावाबाहेर कोणास ठाऊक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली. त्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता.

असे मूल गेले की आपल्याकडे एक वाक्य हमखास उच्चारले जाते : “त्याचे तेवढेच आयुष्य होते.” या वाक्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे, कारण ते दोन ठिकाणी बोलले जाते आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ एक राहत नाही. मुलाच्या मातेजवळ बसून, तिच्या पाठीवर हात ठेवून ते म्हटले जाते, तेव्हा ती करुणा असते. आपणच अपराधी आहोत या जळत्या विचारापासून ते तिला क्षणभर सोडविते. पण तेच वाक्य गाव स्वतःशी म्हणते, तेव्हा ती पळवाट होते. विहिरीला कठडा नव्हता, हे मग कोणी बोलत नाही. पुढच्या वर्षीही विहीर तशीच उघडी राहते.

दैव मानू नये, असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. दैवाचे स्थान कोठे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. कोणतेही कर्म घडून येण्यास तेथे पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही, परंतु त्याची गणना पाचवी आहे. तेथील मूळ चर्चा आत्म्याच्या अकर्तृत्वाची आहे हे खरे. तथापि व्यवहारातही हा क्रम उत्तम मार्गदर्शन करतो. पहिली चार कारणे आपण सांभाळली काय, हे तपासल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविण्याचा आपणास अधिकार पोहोचत नाही.

अधिष्ठान म्हणजे स्थान. मुलाभोवतीचे पाणी कोठे व कसे आहे, हे प्रथम पाहावे. घरात न्हाणीतील भरलेली बादली, अंगणातील प्लॅस्टिकचा पिंप, गुरांचा हौद व जमिनीत बांधलेली टाकी ही धोक्याची स्थाने होत. रांगत्या वा नुकत्याच चालू लागलेल्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते; ते बादलीत ओणवे झाले की त्यास मागे सरता येत नाही, आणि वीतभर पाणीही प्राणघातक ठरते. शिवारात कठडा नसलेल्या विहिरी, मुरूम काढून तसेच सोडलेले खड्डे आणि शेततळी आहेत. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने राज्यात अनेक शेतकऱ्यांच्या पिकांना आधार दिला. परंतु ज्या तळ्यांत प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले असते, त्यांच्या उतारावर ओला पाय ठरत नाही. पडलेल्या मोठ्या माणसासही वर येणे कठीण जाते. तळ्यास चहूबाजूंनी कुंपण आणि काठावरून पाण्यात सोडलेले, गाठी मारलेले दोर यांचा खर्च तळ्याच्या मानाने अल्प आहे.

धर्मशास्त्राने विहीर, तळे, देवालय, अन्नछत्र यांच्या निर्मितीस ‘पूर्त’ कर्म म्हटले व त्याचे मोठे पुण्य सांगितले. दानशूर भाविकांनी येथे एका प्रश्नाचा विचार करावा. तहानलेल्यासाठी खोदलेल्या विहिरीत एखादे लेकरू बुडाले, तर ते पूर्त पूर्ण झाले, असे म्हणता येईल काय? कठडा, झाकण व पायऱ्या हे दानाचेच अंग आहे. आपल्या जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी पूर्णाकाठी ऋणमोचन येथे विसाव्या शतकाच्या आरंभी घाट बांधविला. पौषातील यात्रेस येणाऱ्या गोरगरिबांच्या पायांखाली पायरी आली. नदीतला देव पाहण्याआधी नदीकाठचा माणूस पाहणारी ही दृष्टी होय.

दुसरे कारण कर्ता, म्हणजे लक्ष ठेवणारा. प्राचीन चीनमधील तत्त्वज्ञ मेन्शियस याने मनुष्य स्वभावतः दयाळू आहे हे पटविताना विहिरीत पडू पाहणाऱ्या मुलाचाच दृष्टान्त घेतला. असे मूल दिसताच कोणाच्याही काळजात धस्स होते. त्या क्षणी लाभ वा लौकिक मनात येत नाही, असे तो म्हणतो. हे सत्य आहे. परंतु त्यातील ‘दिसताच’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. बुडणारे मूल बहुधा दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. श्वासासाठीच धडपड चाललेली असल्याने त्याच्या मुखातून हाक फुटत नाही. काही क्षणांत ते पाण्याखाली जाते व थोड्याच मिनिटांत सारे संपते. दिसल्यावर जागी होणारी दया येथे उशिरा पोहोचते. म्हणून दयेने आधीच जागे राहिले पाहिजे. तिने नियमाचे व व्यवस्थेचे रूप घेतले पाहिजे.

लक्ष कोणी ठेवावे? समाज तत्काळ आईकडे बोट दाखवितो. परंतु पाणी भरणे, स्वयंपाक, शेतातील निंदण ही सारी कामे जिच्या शिरावर आहेत, तिच्या दोन डोळ्यांवर संपूर्ण भार टाकणे न्याय्य नव्हे. पाच कारणे सांगितल्यानंतर एकट्यासच कर्ता मानणाऱ्या बुद्धीस गीतेनेही अपरिपक्व ठरविले आहे. बांगलादेशात तळ्यांनी वेढलेल्या खेड्यांत, सकाळी आया कामात असतात त्या वेळेपुरती लहान मुले सांभाळणारी पाळणाघरे गावातच चालविली गेली, आणि त्यामुळे बालकांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या बालविकास योजनेची अंगणवाडी गावोगावी आहे. सुगीच्या दिवसांत तिच्या वेळेस जोडून, गावातील वडीलधाऱ्यांनी पाळीपाळीने मुले सांभाळली तर मोठे कार्य होईल. यात्रेतही हाच नियम असावा. ‘सगळेच पाहत आहेत’ याचा अर्थ कोणीच पाहत नाही. स्नानास जाताना एका व्यक्तीचे नाव घेऊन तिच्यावर मुले सोपवावीत. तिने त्या वेळी जप, गप्पा वा मोबाइल यांत गुंतू नये. लहान मूल हाताच्या अंतरावर असावे.

तिसरे कारण करण, म्हणजे साधन. प्रत्येक विहिरीवर व घाटावर लांब दोर, बांबू आणि हवा भरलेली ट्यूब टांगलेली असावी. नावेत बसण्यापूर्वी सर्वांना पुरतील एवढी जीवरक्षक जाकिटे आहेत काय व माणसे मर्यादेत आहेत काय, हे विचारावे. नसल्यास काठावरूनच देवास हात जोडावेत. देव रागावत नाही.

चौथे कारण चेष्टा, म्हणजे प्रयत्न. पूर्वी पाठीस वाळलेला भोपळा बांधून मुलास विहिरीत पोहणे शिकविले जाई. ती परंपरा मागे पडली; जाणत्याच्या देखरेखीखाली ती मुलांसाठी, आणि मुलींसाठीही, पुन्हा सुरू व्हावी. कोणी बुडताना दिसल्यास पोहणे न जाणणाऱ्याने उडी घेऊ नये. एकामागोमाग अनेक जण जातात ते अशानेच. दोर, धोतर, साडी, बांबू, रिकामा बंद डबा, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल तर त्यास उलटे धरण्यात वा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. उताणे निजवून, मान किंचित मागे करून प्रथम दोन ते पाच श्वास तोंडाने द्यावेत. नंतर छातीच्या मध्यावर तीस दाब व दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आरोग्य केंद्रातील जाणत्यांकडून ही कृती एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

आपल्या भागात विहिरीकाठी, डोहाकाठी शेंदूर लावलेल्या साती आसरा असतात. ‘डोहाकडे जाऊ नको, आसरा ओढून नेतील’ असे आजी सांगत असे. त्या भयाने अनेक मुले काठापासून दूर राहिली असतील. ते त्या काळचे कुंपणच होते. परंतु ‘नदी दरवर्षी एक बळी मागते’ असे जेव्हा मोठी माणसे म्हणू लागतात, तेव्हा आपल्या निष्काळजीपणाचा दोष आपण जलदेवतेच्या माथी मारतो. जिला आपण माता म्हणतो, ती लेकरांचा बळी मागेल कशी?

चारही कारणे सांभाळूनही क्वचित अघटित घडेल. मनुष्याची शक्ती मर्यादित आहे. तेव्हा दैवाचे नाव घ्यावे आणि शोकग्रस्त मातेस त्याचा आधार द्यावा; त्या वेळी तो शब्द खरा असेल. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिन ठरविला आहे. आपल्याकडे हे दिवस नद्या भरून वाहण्याचे. त्या सुमारास प्रत्येक भाविकाने आपल्या घरची टाकी, शेतातील विहीर व गावचा घाट एकदा नजरेखालून घालावा, आणि उणीव दिसेल तेथे एक कठडा, एक झाकण, एक दोर द्यावा. अशा देणगीवर नाव कोरले नाही तरी चालेल. सिपनेच्या काठावरून आलेले प्रत्येक मूल परतीच्या गाडीत आपल्या माणसांशेजारी बसलेले असावे, एवढीच प्रार्थना.