नळीचे जीर्णत्व आणि नाशाचे कारण

वस्तूचा नाश तिच्यावर बाहेरून येऊन आदळतो की तो तिच्या स्वभावातच असतो, या प्रश्नावर नैयायिक आणि बौद्ध आचार्यांमध्ये अनेक शतके वाद झाला आणि त्या वादाचे ठरलेले उदाहरण घडा व मुद्गर, म्हणजे मोगरी, हे होते. न्यायमतानुसार घड्यासारख्या भावरूप कार्याला तीन कारणे लागतात: ज्यात कार्य समवायसंबंधाने राहते ते समवायी कारण म्हणजे कपाले, अर्थात घडा ज्यांचा बनतो ते त्याचे भाग, त्या कपालांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार, चाक, दंड ही निमित्तकारणे. ध्वंस मात्र अभावरूप असल्याने त्याला केवळ निमित्तकारण असते. मुद्गर पडला म्हणून घडा फुटला, एरवी तो टिकला असता. याउलट बौद्ध आचार्य वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या भाष्यात विनाश अहेतुक ठरवला, म्हणजे नाशाला वेगळे कारण लागतच नाही. अभाव हे कशाचेही कार्य होऊ शकत नाही, म्हणून जे उपजते ते आपल्या स्वभावानेच क्षणात नष्ट होते. मुद्गर एवढेच करतो की क्षणांच्या पुढच्या मालिकेत घड्याच्या जागी खापऱ्या उपजू लागतात.

हा वाद पोथ्यांपुरता उरलेला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या थंड प्रदेशांत घराच्या काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांची वेटोळी पुरून त्यांतून बॉयलरचे गरम पाणी फिरवतात, त्यामुळे जमीन तापते आणि तिच्या उष्णतेने खोली ऊबदार राहते. या कामासाठी गुडइयर कंपनीने 1989 ते 1993 या काळात ‘एन्ट्रान 2’ नावाची रबरी नळी बनवली. या प्रकारच्या पुष्कळ नळ्या काही वर्षांतच कडक होऊन तडकल्या, जोडांपाशी गळू लागल्या आणि प्रकरणे न्यायालयांत गेली. घरमालकांचे म्हणणे असे की दोष रबरातच होता, तर कंपनीच्या बचावाचा रोख यंत्रणेची रचना, जोडणी आणि वापर यांच्याकडे होता. न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्ये सामूहिक दाव्यातील तडजोड मंजूर केली. पण दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांचा साचा पाहिला तर एक बाजू नाश वस्तूच्या स्वभावात पाहते आणि दुसरी निमित्तात, हे सहज ध्यानात येते.

प्रत्यक्षात काय घडते हे जवळून पाहिल्याशिवाय कोणत्याही एका बाजूने कौल देणे घाईचे ठरेल. उष्णता आणि ऑक्सिजन यांच्या संगतीत रबराच्या दीर्घ रेणूंमध्ये नवनवे बंध तयार होतात, त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये हळूहळू निघून जातात आणि लवचिक पदार्थ ठिसूळ होतो. तापमान जितके अधिक तितकी ही क्रिया वेगवान. शिवाय रबरातून ऑक्सिजन आत झिरपला तर तो पाण्यात विरघळून बॉयलर आणि पंप यांच्या लोखंडी भागांना गंजवतो, म्हणजे नळीचे जीर्णत्व नळीपुरते राहत नाही. गळती बहुधा प्रथम मॅनिफोल्डपाशी, म्हणजे सगळी वेटोळी जिथे एकत्र येतात त्या मुख्य जोडणीपाशी, दिसते. तिथे पितळी निपलवर नळी चढवून ती क्लॅम्पने आवळलेली असते, आणि दीर्घकाळ दाबाखाली राहिलेले रबर पुन्हा फुगून जागा भरत नाही, म्हणून स्क्रूचा क्लॅम्प जसाच्या तसा असूनही जोड सैल पडतो. अनेक घरांत मग तोच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळला जातो आणि ठिसूळ झालेले रबर निपलच्या खाचांवरच चिरते. जाणता कारागीर त्या वेटोळ्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाणी काढतो, नळीला पुरेशी ढील असेल तर कडक झालेले टोक कापून मऊ भागापर्यंत येतो, तो भाग निपलवर नीट चढवतो आणि रबर आक्रसले तरी आपला ताण कायम ठेवणारा स्प्रिंगचा क्लॅम्प बसवतो. त्यानंतर पाण्याचे तापमान उतरवणे, आणि शक्य असेल तर उष्णता विनिमयक बसवून नळीतले पाणी व बॉयलरचे पाणी एकमेकांपासून वेगळे करणे, ही कामे अधिक महत्त्वाची असतात; दुर्दैवाने तीच सर्वांत आधी टाळली जातात, कारण गळणारे पाणी थांबले की घरातल्यांची चिंताही थांबते.

इथे वैशेषिकांचे एक मत उपयोगी पडते. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेली संपूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी असते. वस्त्रातून एक तंतू काढला की आधीचे वस्त्र नष्ट होऊन उरलेल्या तंतूंपासून दुसरे वस्त्र उपजते. हा न्याय लावला तर टोक कापलेली नळी ही काटेकोर अर्थाने नवी नळी होय. परंतु तिचे अवयव मात्र तितकेच जुने आहेत, कारण काँक्रीटखालच्या शेकडो फुटांच्या रबराने जोडापाशी असलेल्या रबराइतकीच वर्षे तेच पाणी वाहिले आहे. अवयवी नवा आणि अवयव जीर्ण, या विसंगतीतच दुरुस्तीविषयीचा सारा भ्रम जन्म घेतो: गळती एका जागी दिसते म्हणून दोषही त्याच जागी होता असे वाटते. सर्वास्तिवादी बौद्धांनी संस्कृत, म्हणजे कारणांपासून उपजलेल्या, धर्मांची जाती, स्थिती, जरा आणि अनित्यता अशी चार लक्षणे सांगताना जरा आणि अनित्यता यांना वेगळे मोजले, त्यामागची सूक्ष्म दृष्टी इथे स्पष्ट होते. जरा सर्वत्र आणि अखंड असते, नाश मात्र एका ठिकाणी प्रकट होतो.

नाश अहेतुक असेल तर दुरुस्तीला अर्थच काय, असा आक्षेप यावर येईल आणि तो हलका नाही. त्याचे बौद्ध उत्तर असे की क्षणांचा संतान, म्हणजे एकामागून एक उपजणाऱ्या क्षणांची अखंड मालिका, प्रत्ययांवर, म्हणजे साहाय्यक परिस्थितीवर, अवलंबून असतो. परिस्थिती पालटली की पुढचे क्षण वेगळे उपजतात. पाण्याचे तापमान उतरवणारा मनुष्य जुने रबर तरुण करत नाही, तो पुढच्या मालिकेची दिशा बदलतो. म्हणून रोगाचे निदान करताना बौद्धांची बाजू अधिक खरी वाटते, आणि हाताने काम करताना नैयायिकांची, कारण उष्णता आणि चुकीचा क्लॅम्प या निमित्तांवरच मनुष्याची सत्ता चालते. ज्या तत्त्वज्ञानाला या दोहोंपैकी एकच बाजू दिसते ते एक तर निष्काळजी होते किंवा खोटी आशा देते.

खोट्या आशेचा प्रश्न नैतिक आहे, आणि घर विकताना तो टाळता येत नाही. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्याचा विचार करताना वंचना करणारी, भ्रांत आणि ऐकणाऱ्याला बोध न करणारी वाणी वर्ज्य ठरवली आहे. ‘गळती दुरुस्त केली’ हे विधान अक्षरशः खरे असूनही या तिसऱ्या कसोटीवर उतरत नाही, कारण त्यातून घेणाऱ्याला जमिनीखालच्या रबराच्या वयाचा बोध होत नाही. त्याच्या हाती नळीचे नाव आणि ती टाकल्याचे वर्ष, बदललेल्या जोडांची यादी, कायमची बंद केलेली वेटोळी आणि पाणी किती तापमानापर्यंत तापवले जाते याची नोंद यायला हवी, आणि ती त्याने सौदा ठरवण्यापूर्वी वाचलेली असायला हवी.