कंत्राटदाराची मजुरी किती?

कंत्राटदाराला किती मोबदला द्यावा, हा प्रश्न इंजिनियर व हिशेबनीस यांचा आहे, असे आपण समजतो. मीही तसेच समजत होतो.

काही वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका खेड्यात सरकारी शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. मी शाळा समितीवर होतो. एका कंत्राटदाराने अंदाजपत्रकापेक्षा शेकडा 18 कमी दराने काम घेतल्याची बातमी बैठकीत आली, तेव्हा आम्हां सर्वांना आनंद झाला. "सरकारचे पैसे वाचले," असे मीच म्हणालो. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळू लागला व मुले व्हरांड्यात बसू लागली. मी त्या गृहस्थाला रागाने जाब विचारला. तो म्हणाला, "अण्णा, एवढ्या कमी पैशात मला काय उरणार, हे तुम्ही त्या दिवशी विचारले नाही. आज विचारून काय उपयोग?"

या उत्तराने त्याचा दोष धुऊन निघत नाही. पण त्यामुळे माझा दोष मला दिसला.

गवंड्याची मजुरी आपल्याला पटते, कारण त्याचे हात आपल्याला दिसतात. कंत्राटदार माणसे जमवतो, माल वेळेवर आणतो, देखरेख ठेवतो, अनामत भरतो आणि बिल निघेपर्यंत पदरचे पैसे घालतो. हे काम दिसत नाही, म्हणून त्याचा नफा म्हणजे लूटच, असे आपल्याला वाटते. सरकारने मात्र हा मोबदला मान्य केलेला आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग दर ठरविताना माल व मजुरी यांच्या खर्चावर कंत्राटदाराचा नफा व वरखर्च मिळून शेकडा 15 धरतो. केंद्रीय रस्ते मंत्रालय वरखर्च वेगळा धरून नफ्यासाठी शेकडा 10 धरते. हे आकडे चोरून घेतलेले नाहीत. ते कागदावर, उघडपणे लिहिलेले आहेत.

मग टक्केवारी ठरविली की न्याय झाला काय? तसे नाही. खर्चाचा अंदाज आधी बांधून त्यावर मोबदला काढणे वेगळे आणि पुढे जितका खर्च होईल तितक्यावर टक्के देणे वेगळे. दुसऱ्या पद्धतीत जो जास्त उधळेल तो जास्त मिळवील. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लष्करी छावण्या अशाच पद्धतीने बांधल्या व त्याचा मोठा बोभाटा झाला. म्हणून डिसेंबर 1941 मध्ये दुसऱ्या महायुद्धात उतरताच तेथील कायद्याने ही पद्धत वर्ज्य ठरविली. खर्च मोजून द्यायचा असला तरी मोबदल्याची रक्कम आधीच बांधून ठेवावी, असा तेथे नियम झाला. माणसाला मोहात पाडणारा करार लिहून वर त्याच्याकडून सचोटीची अपेक्षा करणे शहाणपणाचे नाही.

याहून कठीण गोष्ट आपल्या दाराशी घडली. जुलै 2021 मध्ये कर्नाटक राज्य कंत्राटदार संघटनेने पंतप्रधानांना पत्र लिहून, कामासाठी शेकडा 40 पर्यंत रक्कम द्यावी लागते, अशी तक्रार केली. एप्रिल 2022 मध्ये बेळगावजवळच्या हिंडलगा येथे रस्त्यांची कामे केलेल्या एका कंत्राटदाराने उडुपीत आपले जीवन संपविले. कामाचे पैसे मिळत नाहीत व टक्केवारी मागितली जाते, असा त्याचा आरोप होता. संबंधित मंत्र्यांनी आरोप नाकारून पद सोडले. त्याच वर्षी जुलैमध्ये पोलिसांनी, पुरावा मिळाला नाही, असा अहवाल न्यायालयात दिला. त्या प्रकरणाचा निवाडा करणे आपले काम नव्हे. पण हिशेब आपण करू शकतो. ज्याचा मोबदला शंभराला पंधरा, त्याच्याकडून कोणी शंभराला चाळीस घेऊ लागला, तर उरलेले पंचवीस येणार कोठून? ते सिमेंटमधून, सळईतून आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीतून येणार.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडण्यास सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. यात एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे काय घ्यायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. आणि ज्याने ठरविले त्याने ते पुरेसे ठरवावे, वेळेवर द्यावे, हे कर्तव्यही त्यातून निघते. बिल वर्षभर अडकले, तर कागदावरचा नफा सावकाराच्या व्याजात जातो.

आपल्यापैकी कित्येक जण ग्रामपंचायतीत, शाळा समितीत किंवा सरकारी कचेरीत आहेत. सर्वांत कमी दराची निविदा समोर आली म्हणजे आनंद मानण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : या पैशात हा मनुष्य मजुरांना पुरी मजुरी देऊन, पुरे सिमेंट घालून, स्वतःच्या घरी काही नेऊ शकेल काय? उत्तर 'नाही' असे येत असेल, तर ती बचत नव्हे. त्या दिवशी मी हा प्रश्न विचारला असता, तर काम कोणाला द्यायचे हे माझ्या हाती नसले तरी निदान बैठकीच्या वहीत तो नोंदला गेला असता. पुढच्या पावसाळ्यात व्हरांड्यात बसलेल्या मुलांकडे पाहताना मला मान खाली घालावी लागली नसती.