हाती दिलेले अवजार

सुरतेच्या दक्षिणेस, उधन्याच्या पलीकडे बमरोली नावाचे गाव आहे. त्यास गाव म्हणावयाचे ते आता केवळ सवयीने. पांडेसऱ्याच्या कारखान्यांनी आणि यंत्रमागांच्या शेडींनी ते केव्हाच वेढून टाकले असून सुरत महानगराच्या पोटात ते सामावून गेले आहे. खानदेशातून पोटामागे आलेली मराठी कुटुंबे या सबंध पट्ट्यात मोठ्या संख्येने वसली आहेत, आणि त्यांच्या शेजारी ओडिशातून आलेले मागवाले. एकांची खंडेनवमी, दुसऱ्यांची विश्वकर्मापूजा. दिवस निराळे, पण पाटावर मांडावयाच्या वस्तू त्याच : पाना, हातोडी, कात्री, धोटा. त्या धुऊनपुसून मांडावयाच्या, त्यांना हळदकुंकू वाहावयाचे आणि त्या दिवशी त्यांच्याकडून काम घ्यावयाचे नाही, एवढा साधा तो विधी. बमरोलीच्या पूर्वेकडून मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जातो आणि उधन्यास त्याला जळगावकडून तापीकाठाने येणारा फाटा मिळतो. या रुळांची निगा राखणाऱ्या माणसांची अवजारे म्हणजे पहार, घण, बीटर, फावडे, घमेले आणि लाल झेंडी. त्यांनाही कोणी तरी कुंकू लावीत असेलच.

मराठीत 'हत्यार' हा शब्द सुताराच्या रंध्यालाही चालतो आणि शिपायाच्या तलवारीलाही. आम्हांस यात भाषेचे दारिद्र्य दिसत नाही. उलट एक जुने शहाणपण दिसते. जे काम करते ते इजाही करते, हे त्या शब्दाने गृहीत धरले आहे. प्रश्न एवढाच उरतो, की अवजाराने इजा केली तर ती कोणाच्या खाती मांडावयाची?

या प्रश्नास दोन उत्तरे तयार असतात. पहिले जुने : त्याचे प्रारब्ध. दुसरे नवे आणि सुशिक्षित : त्याचा निष्काळजीपणा. दोन्ही उत्तरांची चाल भिन्न वाटली तरी मुक्काम एकच आहे. दोहोंमध्येही दोष ज्याची बोटे चेंगरली त्याच्याच पदरात पडतो आणि ज्याने ते अवजार त्याच्या हाती दिले तो, तसाच ज्याच्यासाठी ते काम झाले तो, असे दोघेही मोकळे होतात. प्रारब्धाचा सिद्धांत आम्ही नाकारीत नाही. पण तो मनुष्याने स्वतःच्या दुःखास लावावयाचा आहे. दुसऱ्याच्या दुःखास लावला की तो सिद्धांत राहत नाही, सबब होते.

आमच्या स्मृतिकारांनी या बाबतीत एक विलक्षण विचार मांडून ठेवला आहे. गृहस्थाच्या घरी पाच वधस्थाने असतात : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. यांपैकी एकही वस्तू कोणास मारण्यासाठी केलेली नाही. तरीही त्यांच्या नित्य वापरात जीव मरतात, आणि ते पाप गृहस्थास लागते म्हणून त्याने रोज पंचमहायज्ञ करावेत, असे सांगितले आहे. वैश्वदेवाची आहुती ज्यांच्या घरी अद्याप पडते त्यांना ही उपपत्ती ठाऊक असेलच. येथे विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की केरसुणीखाली मुंगी सापडली तर मुंगी निष्काळजी होती असे स्मृतिकार म्हणत नाहीत. गृहस्थाचा हेतू शुद्ध होता, म्हणून तो सुटला, असेही म्हणत नाहीत. ज्याच्या सोयीसाठी ते साधन चालते त्याच्यावर ऋण चढते, हेतू असो वा नसो. मुंगीच्या बाबतीत जी सूक्ष्म जबाबदारी आम्ही मान्य केली, ती माणसाच्या बाबतीत कमी कशी होईल? आणि आमचे घर आता चार भिंतींपुरते राहिलेले नाही. देवदर्शनास गोव्यास जाणारा, लग्नकार्यास मुंबईस येणारा प्रत्येक गृहस्थ दोन पोलादी रुळांवर विसंबून असतो, आणि ते रूळ आपोआप जागेवर राहत नाहीत.

ते जागेवर कसे राहतात हे थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होईल, कारण आमच्यातील बहुतेकांनी हे काम खिडकीतून क्षणभर पाहिलेले असते. मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण १,६६० काँक्रीटचे स्लीपर असतात. प्रत्येक स्लीपरवर रुळाला आवळून धरणाऱ्या चार पोलादी क्लिपा. म्हणजे किलोमीटरमागे ६,६४० क्लिपा झाल्या. एका नॉर्वेजियन अभियंत्याने शोधलेली ही क्लिप स्वतःच्या ताणाने रुळास धरून ठेवते. तिचा गुण हाच तिचा धोका आहे. घणाने ठोकून काढताना घाव वाकडा बसला तर साठलेला ताण एकदम सुटतो आणि ती गोफणीतील दगडासारखी उडते. घणाचेही तसेच. वर्षानुवर्षे ठोकून त्याचे तोंड कडेने पसरते, भूछत्रासारखे होते, आणि त्या कडेचा एखादा कपचा उडून डोळ्यांत जातो. दोन्हींवर उपाय आहेत आणि ते काही आकाशीचे नव्हेत. क्लिपेसाठी लांब दांड्याचे तरफेसारखे अवजार असते. ते क्लिप ठोकत नाही, हळूहळू ओढून काढते, आणि ते चालवताना माणसाला ओणवेही व्हावे लागत नाही. घणासाठी तर नवे काहीच नको. पसरलेली कड वेळच्या वेळी घासून टाकणे आणि डोळ्यांवर चष्मा घालणे एवढेच पुरे.

रूळ उचलण्याची गोष्टही अशीच आहे. मीटरला ६० किलोग्रॅम वजनाचा तेरा मीटरचा रूळ ७८० किलोग्रॅम भरतो. तो हातांनी धरला की ठेवताना बोटे रूळ आणि खडी यांच्यात जातात. चिमट्याने धरला की बोटे रुळापासून हातभर दूर राहतात. एक साधा चिमटा, पण त्याने बोटांचा प्रश्न सुटतो. मुकादमाच्या आरोळीवर सर्वांनी एकदम उचलावयाचे आणि एकदम ठेवावयाचे ही जी कामगारांची पद्धत आहे, तीही आम्ही अवजारच मानतो. ती कोणत्याही भांडारातून मिळत नाही.

पहारीची कथा अधिक मनोरंजक आहे. सिग्नलासाठी जेथे रुळांतून मंद वीजप्रवाह खेळवलेला असतो, तेथे उघडी लोखंडी पहार दोन्ही रुळांवर आडवी पडली तर प्रवाह मधल्यामध्ये वळतो, यंत्रणेला वाटते की गाडी उभी आहे, आणि सिग्नल लाल होतो. यासाठी रुळांतील अंतर मोजण्याची पट्टी विद्युत्‌रोधक जोडाने तोडलेली असते. इंग्लंडच्या काही भागांत गाडीला वीज पुरवणारा तिसरा रूळ जमिनीलगतच असतो. तेथे तर विद्युत्‌रोधक अवजार ही जीवनमरणाची बाब होते. आणि गंमत अशी, की त्याच इंग्लंडात याच दोषाचा गुण केला आहे. तारेने जोडलेल्या दोन चिमट्या असतात. एक या रुळाला, दुसरी त्या रुळाला लावली की सिग्नल मुद्दाम लाल होतो आणि येणारी गाडी थांबते. जी गोष्ट हातून चुकून झाली तर खोळंबा, तीच जाणून केली तर कवच. मात्र जेथे रुळांतील प्रवाहाऐवजी गाडीच्या चाकांचे आस मोजणारी यंत्रणा बसवलेली आहे तेथे ही चिमटी निरुपयोगी ठरते. अवजार चांगले की वाईट हे ठिकाण पाहिल्यावाचून सांगता येत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या देशात ऋणाचा हिशेब प्रारंभीच थकला. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून मार्ग काढताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते, आणि पटकी, ताप, दरडी व सुरुंग यांनी पंचवीस हजारांच्या आसपास माणसे मेली असा अंदाज सांगितला जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे पाऊल ठेवल्यानंतर काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते काम तडीस नेले. तिचे नाव इतिहासाने जपले, हे योग्यच झाले. मजुरांची नावे मात्र कोणी मांडून ठेवली नाहीत. कोकण रेल्वेच्या वेळी निदान रत्नागिरीस बळी पडलेल्यांचे स्मारक तरी उभे राहिले. पण मृतासाठी शिळा उभारणे जिवंताच्या हाती चांगला चिमटा देण्यापेक्षा सोपे असते, हे आम्हांस विसरता येत नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. डॉ. अनिल काकोडकर यांचे नाव आमच्या वाचकांस अभिमानाचे आहे. त्यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या फेब्रुवारीत अहवाल दिला. २००७-०८ पासून २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत गाड्यांच्या अपघातांत दगावलेले प्रवासी सुमारे एक हजार होते. त्याच काळात कामावर असताना मृत्यू पावलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १,६०० आणि जखमी सुमारे ८,७००. आगगाडीत बसणाऱ्यापेक्षा ती चालती ठेवणारा अधिक संख्येने मरत होता. त्यानंतरही १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे लासलगावजवळ रुळांचे काम करणारे चार गँगमन विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या रेल्वेच्याच गाडीखाली सापडले. २०२४ च्या जानेवारीत वसई रोड व नायगाव यांच्या दरम्यान सिग्नलचे काम करणारे तिघे लोकलखाली गेले. या सातही जणांना लागलेले हत्यार त्यांच्या हातातले नव्हते. ते रुळावरून चालून आले.

म्हणून अवजारांत झेंडी, शिटी आणि फटाके यांचीही गणना केली पाहिजे. नियमानुसार मोठ्या मार्गावर काम चालू असता ६०० मीटरवर आडवी लाल झेंडी आणि १,२०० मीटरवर रुळावर तीन फटाके लावून गाडी थोपवावयाची असते. जेथे गाडी न थोपवता काम करावयाचे तेथे पहारेकऱ्याच्या शिटीवरच सारी मदार. ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी १,२०० मीटर अंतर तेहतीस सेकंदांत तोडते. वाफेचे एंजिन कोसभरावरून आपली वर्दी देत असे. विजेचे एंजिन वाऱ्याच्या उलट दिशेने आले तर शेजारी येईतो कळत नाही, आणि दुसऱ्या रुळावरून त्याच वेळी मालगाडी जात असली तर मुळीच कळत नाही. गाडी जवळ आल्याची सूचना कमरेच्या यंत्रावर देणारी बिनतारी साधने आता आली आहेत, त्यांचे आम्ही स्वागतच करतो.

या विषयावर बोलू लागले की काही आक्षेप ऐकू येतात. खर्चाचा आक्षेप आम्ही थोडक्यात बाजूस ठेवतो. ज्या देशाने दीडशे कोटींच्या घरातील लोकांसाठी रूळ अंथरले त्यास चिमट्याची किंमत जड नाही. दुसरा आक्षेप असा, की खडी ठासणारी मोठी यंत्रे आली, तेव्हा हाताची अवजारे लवकरच वस्तुसंग्रहालयात जातील. यंत्रे आली हे खरे. पण सांध्यांच्या जागी, पुलांवर, पावसाळ्यात खचलेल्या भरावावर अखेर माणूसच फावडे घेऊन जातो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. 'दिलेली साधने हे लोक वापरीतच नाहीत.' चष्मा खिशात, हातमोजे झाडाला टांगलेले. यात तथ्य आहे, आणि कामगारांची बाजू घेणाऱ्यांनी ते लपवू नये. पण वैशाखात सुरतेच्या उन्हात, तापलेल्या रुळाशेजारी, घामाने धुरकटणारा चष्मा घालून एक तास तरी काम करून पाहावे आणि मग निवाडा द्यावा. जे साधन वापरणाऱ्यास न विचारता ठरवले जाते ते त्याला ओझे वाटते. पाटा घडवणारा पाथरवट घरच्या बाईला उंची विचारतो. एवढे सौजन्य गँगमनाच्या वाट्याला का येऊ नये? शिवाय या देशातील कायद्यानेही पूर्वीच एक विवेक दाखवला होता. १९२३ सालच्या कामगार भरपाईच्या कायद्यात मद्यपान, आज्ञेचा जाणूनबुजून भंग वा सुरक्षासाधन बुद्ध्या काढून टाकणे ही कारणे असतील तर मृत्यूखेरीज अन्य इजेची भरपाई मालकास नाकारता येत असे; नुसता निष्काळजीपणा हे कारण त्यात नव्हते. दमलेल्या माणसाचा हात चुकणार, हे त्या कायद्याने धरूनच ठेवले होते. भरपाई अर्थात इजेनंतर येते. इजेपूर्वी जे द्यावयाचे त्यालाच आम्ही येथे धर्म म्हणत आहो.

आणखी एक भय आहे, आणि ते आम्हांसही वाटते. चांगले साधन हाती आले की त्याच्या भरवशावर जुनी दक्षता सुटते. कमरेला सूचना देणारे यंत्र आहे, तर मग शिटी घेऊन उभा राहणारा माणूस कशाला, असे कोणा हिशेबनिसाच्या मनात येणारच. टोळीत आठ माणसे असली तर सात काम करतात आणि एक नुसता उभा असतो. तो खडी ठासत नाही, रूळ उचलत नाही, त्याच्या नावावर दिवसअखेर एकही स्लीपर लागत नाही. काम अडले, वरून घाई आली, की मुकादमाचा डोळा प्रथम त्याच्यावर जातो, आणि 'पाच मिनिटे हात लाव' असे त्यास सांगितले जाते. त्या पाच मिनिटांत वळणापलीकडे काय आहे ते पाहणारे कोणी नसते. त्या माणसाचे उभे राहणे हे पूर्ण दिवसाचे काम म्हणून हजेरीत मांडले जावे, त्याच्या हाती त्या वेळी फावडे देण्याचा अधिकार कोणासही नसावा, आणि गाडी दोन मिनिटे उशिरा पोहोचली तर आम्ही प्रवाशांनी खिडकीतून कुरकुर करू नये.