त्रेसष्टाव्या श्लोकापाशी

गीतेच्या अठराव्या अध्यायात एक जागा आहे, तिथे मी दरवेळी थांबतो. एवढा सगळा उपदेश करून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, हे नीट पारखून घे आणि मग तुझ्या मनाला येईल तसं कर. दोन्हीकडे सैन्यं खोळंबलेली, सांगणारा प्रत्यक्ष देव, आणि तरी निर्णय अर्जुनावर सोडलेला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून साताऱ्यातल्या आमच्या घरी इंजिनिअरिंगची मुलं येत असतात. कोअर ब्रँच घ्यावी की कॉम्प्युटर, गेट द्यावी की एमपीएससी. बहुतेकांना माहिती हवी असते, ती मी देतो. यंदा आलेल्या एका मुलीला मात्र माहिती पुरणार नव्हती. कॉम्प्युटरचं पहिलं वर्ष तिने उत्तम मार्कांनी काढलंय आणि आता तिला शाखा बदलून सिव्हिलला जायचंय. वडील सेंट्रिंगची कामं घेतात. ते म्हणतात, "आम्ही सिमेंटात हात जाळले, तू सावलीत बस." तिने मला विचारलं, "काका, मला सिव्हिल खरंच आवडतं, की लहानपणापासून तेच बघितलं म्हणून आवडतं?"

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. त्यांत ते सांगतात की स्वधर्म शोधावा लागत नाही. आईबाप जसे निवडावे लागत नाहीत, तसा तो आपल्याला आपसूक लाभतो. विनोबांविषयी मला नितांत आदर आहे, पण इथे माझं पाऊल अडतं. जन्माने आलं तेच आपलं काम, असं म्हटलं तर गवंड्याच्या पोरीने पाटीच उचलायची. हाच विचार पुढे करून या देशात पिढ्यान्‌पिढ्या माणसं अडवून ठेवली गेली. आणि खुद्द विनोबा? १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. त्यांच्या त्या उतरण्याने मला स्वधर्म जास्त कळतो.

मग आवड कुठून आली, याला किती महत्त्व द्यायचं? माझ्या मते फार नाही. याच अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वर आपलं कर्म फुलासारखं ईश्वराला वाहायला सांगतात. वाहायचंच म्हटल्यावर ते कुठून आलं यापेक्षा ते निर्मळ आहे का, हे बघावं लागतं.

म्हणून मी तिला एका ओळखीच्या साइटवर नेलं. स्लॅब चालू होता आणि काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब भरायचे होते. दीडशे मिलिमीटरचा लोखंडी साचा, त्यात तीन थरांत काँक्रीट, प्रत्येक थराला सळईने निदान ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा खोलून क्यूब पाण्यात ठेवायचे आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली दाबून फोडायचे. तिने बाह्या वर केल्या आणि पुटपुटत, मोजून ठोके दिले. कडेला राहिलेली हवा जावी म्हणून साच्याला बाहेरून थापट्या मारल्या, तेही कुणी न सांगता.

मग तिला मी या धंद्यातली वाईट गोष्ट सांगितली. काही ठिकाणी क्यूबपुरतं जास्त सिमेंटचं काँक्रीट वेगळं कालवतात. क्यूब पास होतो, स्लॅबमध्ये मात्र हलकाच माल जातो, आणि रजिस्टरवर सही करणाऱ्याला हे ठाऊक असतं. १२ जुलै १९६१ ला काम अपुरं असताना भरलेलं पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात मुठेकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आमचे सर ते शिकवायचे तेव्हा वर्गात कुणी हालत नसे. स्वधर्माची खरी परीक्षा त्या सहीपाशी होते. शाखेच्या फॉर्मवर ती जेमतेम सुरू होते. कॉम्प्युटरवाल्यालाही ती चुकत नाही. नीट न तपासलेला प्रोग्रॅम पुढे ढकलायचा की अडवायचा, हे त्यालाही एकट्यानेच ठरवावं लागतं.

परतताना ती म्हणाली, "मग मी काय करू?" मी जे माहीत होतं ते सांगितलं. सिव्हिलला सुरुवातीचा पगार बहुधा कमी असतो, सरकारी भरती लांबते, बऱ्याच साइटवर बाईमाणसाला धड संडासही नसतो. वडिलांच्या बोलण्यात त्यांच्या पाठीचं दुखणं आहे, ते पुरतं ऐकून घे. सिव्हिल घे किंवा घेऊ नको, हे मी म्हटलं नाही. तिला ते आवडलं नसावं.

त्रेसष्टाव्या श्लोकानंतर लगेचच, सहासष्टाव्यात, कृष्ण सगळे धर्म सोडून आपल्याला शरण यायला सांगतो. ते म्हणायचा अधिकार त्याचा. आम्ही आईबाप, मास्तर, काका मात्र त्रेसष्टावा गाळून थेट तिथे उडी मारतो, आणि मुलंही दमलेली असतात म्हणून शरण येतात. चार वर्षांनी ती कुणाचं तरी आयुष्य जगत असतात आणि जाब विचारायला समोर कुणी नसतं.

वडिलांशी बोलायला मी तिच्याबरोबर जाईन, हे तिला सांगून ठेवलंय. पण आधी तिचं ठरू दे. त्याआधी गेलो तर बोलणं आम्हा दोघा पुरुषांचं होईल आणि ती आत चहा करत बसेल.