हिरवळ आणि तहान : पाण्याच्या अमानतीचा प्रश्न

पवित्र कुरआनात हिरव्या धरतीचा उल्लेख वारंवार येतो. अल्लाह आकाशातून पाणी उतरवतो आणि पृथ्वी हिरवीगार होते, याकडे सूरह हज (२२:६३) आपले लक्ष वेधते. निपचित पडलेली जमीन पावसाने जिवंत होते, ही गोष्ट सूरह हा-मीम सजदा (४१:३९) मृतांच्या पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून मांडते. अल्लाह सुंदर आहे व त्याला सौंदर्य प्रिय आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही सर्वश्रुत आहे. म्हणून आपल्या घरापुढे थोडी हिरवळ असावी, मुलांनी तिच्यावर खेळावे, ही इच्छा मुळात वाईट नाही. प्रश्न वेगळा आहे. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही हिरवळ भर एप्रिल-मे महिन्यांतही हिरवीच राहिली पाहिजे, असा आग्रह श्रद्धावंताने धरावा काय?

या भूमीची प्रकृती आधी लक्षात घेतली पाहिजे. जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतांशी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. खाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. त्यांच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात जेवढे पाणी मुरेल, तेवढाच भूजलाचा साठा. १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांचे दुष्काळ येथील लोक विसरलेले नाहीत. तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हांला कोण आणून देईल, हा सूरह मुल्कच्या शेवटच्या आयतीतील (६७:३०) प्रश्न बोअर कोरडा पडलेल्या प्रत्येक घराला कळतो.

आता साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवत हिरवे ठेवायचे तर दररोज किमान पाच मिलिमीटर पाणी धरावे लागते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या, साधारण एका गुंठ्याच्या, लॉनला रोज ५०० लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण ठरवले आहे. त्या हिशेबाने हे नऊ माणसांचे पाणी झाले.

यावर सहज दिले जाणारे उत्तर असे की, जागा माझी, बोअर माझा, विजेचे बिल मी भरतो. मग इतरांना विचारण्याचे कारण काय? इस्लामी शिकवण मालकी नाकारत नाही. भांड्यात किंवा टाकीत भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याचे असते, हे फुकहांनी मान्य केले आहे. परंतु भूमीतील पाण्याविषयी त्यांची भूमिका निराळी आहे. विहीर ज्याची, त्याचा पहिला हक्क. पण माणसांना आणि जनावरांना तहान भागवण्याचा जो हक्क आहे, तो विहिरीचा मालक हिरावून घेऊ शकत नाही. पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक एकमेकांचे भागीदार आहेत, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. गरजेपेक्षा जास्तीचे पाणी अडवून धरू नये, कारण त्यामुळे इतरांचा चराऊ गवताचा वाटाही अडतो, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आढळतो.

मदीनेतील महजूर नाल्याच्या पाण्याचा वाद प्रेषितांपुढे (स.) आला, तेव्हा वरच्या शेतकऱ्याने घोट्यापर्यंत पाणी साठवावे आणि मग ते खालच्याकडे सोडावे, असा निर्णय झाला. वरच्याचा हक्क मान्य केला गेला, पण त्याला मर्यादाही घातली गेली. नाल्यात वरचे शेत आणि खालचे शेत डोळ्यांना दिसते. भूगर्भात ते दिसत नाही, एवढाच फरक. ज्याच्याजवळ सहाशे फूट खोल जाण्याइतका पैसा आहे, तो आज वरच्या शेतकऱ्याच्या जागी आहे, आणि शेजारच्या वस्तीचा हातपंप खालच्या शेतकऱ्याच्या जागी. रूमाची विहीर विकत घेऊन ती सर्वांसाठी खुली करणारे हजरत उस्मान (रजि.) यांचा आदर्श आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. तो आदर्श आपल्या अंगणाच्या फाटकापाशी येऊन थांबतो काय?

हाच प्रश्न २०१६ साली साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याच दिवसांत आयपीएलच्या सामन्यांसाठी मैदानांच्या हिरवळीवर पाणी मारले जात होते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी, ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला.

त्या वेळी पुष्कळांनी एक आक्षेप घेतला, आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. मुंबईच्या मैदानावर वाचलेले पाणी काही लातूरच्या घागरीत जाऊन पडत नाही. मग या त्यागाचा उपयोग काय? आपल्या गावात या आक्षेपाचे अर्धे उत्तर सोपे आहे. एकाच पाषाणाच्या भेगांतून उपसा होत असेल, तर येथे वाचलेले पाणी शेजाऱ्यापर्यंत खरोखरच पोहोचू शकते. पण जेथे ते पोहोचणार नाही, तेथे काय?

येथे इब्ने माजा यांच्या संग्रहातील एक प्रसिद्ध प्रसंग मार्ग दाखवतो. हजरत सअद (रजि.) वुजू करत असताना प्रेषितांनी (स.) त्यांना पाण्याच्या उधळपट्टीबद्दल टोकले. वुजूतही उधळपट्टी असते काय, असे त्यांनी विचारले. होय, तुम्ही वाहत्या नदीकाठी असलात तरीही, असे उत्तर मिळाले. विचार करा, वाहत्या नदीकाठी एका माणसाच्या ओंजळभर जादा पाण्याने कोणाचे नुकसान होते? कोणाचेच नाही. तरीही ती उधळपट्टीच मानली गेली. याचा अर्थ असा की, दुसऱ्याचे काही हिरावले गेले की नाही, एवढ्यावरच इसराफ ठरत नाही. अल्लाहच्या देणगीकडे आपण अमानत म्हणून पाहतो की हक्काची मिळकत म्हणून, यावरही तो ठरतो. जो नदीकाठी हात आखडतो, त्यालाच दुष्काळात हात आखडणे जमते. दुष्काळ पडल्यावर अचानक काटकसर शिकता येत नाही. म्हणूनच एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात, वुजू करण्याची प्रेषितांची (स.) सवय केवळ विधीचा तपशील म्हणून पाहू नये. तो साऱ्या जीवनाचा दंडक आहे.

मग हिरवळ सोडूनच द्यायची काय? तसे नाही. सूरह आअला (८७:४-५) सांगते की, चारा उगवणाराही अल्लाहच आणि त्याला वाळवून काळपट करणाराही तोच. गवताचे वाळणे हेही त्याच्याच व्यवस्थेतील आहे. आपल्याकडची हरळी उन्हाळ्यात पिवळी पडते, पण मुळे जिवंत राहतात आणि मृगाच्या सरींनी ती पुन्हा फुटते. येथील निरोगी हिरवळ तीच, जी या ऋतुचक्राबरोबर चालते. बारमाही हिरवेपणा तिच्यावर लादला, तर तो बहुधा पाहुण्यांच्या डोळ्यांसाठी असतो. आणि दिखाव्याला आपल्या दीनमध्ये काय नाव आहे, हे सांगायला नको.

ज्याला हिरवळ हवी आहे त्याने पावसाच्या तोंडावर शेणखत घालून हरळी लावावी आणि जागा गरजेपुरतीच ठेवावी. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पहाटे, खोलवर भिजेल असे पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली जातात. गवत फार बारीक कापू नये. उंच पात्यांची सावली ओल धरते. टंचाई जाहीर झाली की पिण्याचे पाणी तोडावे आणि गवताला निजू द्यावे. मशिदीत पन्नास नमाजींनी प्रत्येक वुजूला चार लिटर पाणी वापरले, तर पाच वेळचे मिळून हजार लिटर होते. ते गटारात सोडण्याऐवजी चर काढून लिंबाच्या झाडांकडे वळवता येते. मुस्लिमाने लावलेल्या रोपातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाईल ते त्याच्यासाठी सदका ठरते, असे हदीसमध्ये आहे. या जिल्ह्याचे जुने नाव लावणारी उस्मानाबादी शेळी कापलेले गवत आनंदाने खाईल. आपल्या हिरवळीतून कोणाच्या तोंडी घास जातो, हा प्रश्नही विचारून पाहावा.

हा विचार आपल्या समारंभांनाही लागू आहे. वलीमे आता गावाबाहेरच्या ‘लॉन्स’वर होतात, आणि तेही नेमके टँकरच्या दिवसांत. वलीमा सुन्नत आहे; त्यासाठी हिरवे गालिचे भिजवणे सुन्नत नाही. जागा ठरवताना घरातील वडीलधाऱ्यांनी भाड्याबरोबरच तेथील पाणी कोठून येते, एवढे विचारले, तरी पुष्कळ काही बदलू शकेल.

कयामतच्या दिवशी प्रत्येक देणगीविषयी विचारणा होणार आहे (१०२:८). पाणी ही त्यांतील पहिल्या देणग्यांपैकी एक. आपल्या अंगणाचा हिशेब देताना शेजाऱ्याची रिकामी घागर आपल्याविरुद्ध साक्षीला उभी राहू नये, एवढी सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.